सुब्रतोला मुलींची टीम न्यायची असेल तर

राज्य स्पर्धा जिंकली की शाळेत पेढे वाटले जातात, संस्थेचे लोक टीमबरोबर फोटो काढून घेतात आणि जो भेटेल तो म्हणतो, "मॅडम, आता दिल्ली!" दिल्लीचं तिकीट, टीमचं किट आणि पोरींच्या आयांची समजूत मात्र तुम्हालाच काढायची असते. मी कोल्हापुरात शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते. सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या सतरा वर्षांखालच्या गटात पहिल्यांदा टीम नेणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मुलांची टीम नेणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

स्पर्धा १९६० पासून चालू आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने ती होते आणि आजही हवाई दलच ती भरवतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढून एका शाळेची टीम राष्ट्रीय स्पर्धेला जाते. एका शाळेची, हे नीट लक्षात ठेवा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पोरी संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या क्लबात खेळतात, पण सुब्रतोला क्लबची टीम चालत नाही. शेजारच्या शाळेतली चांगली स्ट्रायकर ऐनवेळी आपल्या पटावर घ्यायची हुशारी कुणी सुचवली तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिलं काम फाईलचं. प्रत्येक मुलीचा जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, जनरल रजिस्टरचा उतारा आणि फोटो. ही कागदपत्रं समोर मांडून नावातलं एकेक अक्षर जुळवत बसा. दाखल्यावर "ऐश्वर्या", आधारवर "ऐश्वर्य", रजिस्टरला वडिलांच्या जागी आजोबांचं नाव, असं हमखास निघतं. आधारची दुरुस्ती एका दिवसात होत नाही, म्हणून ही छाननी जूनमध्ये, तालुक्याच्या मॅचेस सुरू व्हायच्या आधीच करा. जन्माची नोंद वर्षानुवर्षांनी झाली असेल तर त्या दाखल्याकडे तपासणारे संशयानेच बघतात. अशा मुलीचे जुने शाळेचे कागदही जवळ ठेवा. वयाच्या खात्रीसाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगू शकतात. घरच्यांना आधी कल्पना दिलेली बरी, नाहीतर "पोरीला काय झालंय?" म्हणून फोनवर फोन येतात.

आता किट. ऑर्डर देताना शाळेचा रंग वगैरे ठीक, पण शॉर्ट्स गडद रंगाच्याच घ्या. पांढऱ्या शॉर्ट्समध्ये पाळीच्या दिवसात पोरगी मैदानावर मोकळी धावत नाही. मागे वळून वळून बघते आणि त्या नादात तिचा फॉरवर्ड सुटतो. मला हे कुठल्या कोचिंग कोर्समध्ये कुणी सांगितलं नाही. पॅड, जादा शॉर्ट्स आणि पोट दुखलं तर द्यायच्या गोळ्या (घरच्यांना आणि डॉक्टरांना विचारूनच) एका वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा. तो पाऊच कॅप्टनकडे द्या, स्वतःकडे नको. पोरी कॅप्टनकडे मागतात, मॅडमकडे मागायला लाजतात.

जर्सीचे दोन रंग हवेत. गोलीची जर्सी दोन्हींपेक्षा वेगळी हवी. नडगीवर लावायच्या शिनगार्डशिवाय रेफरी आत सोडत नाही. आत सायकलिंग शॉर्ट्स घालत असतील तर त्या वरच्या शॉर्ट्सच्याच रंगाच्या असाव्या लागतात. दागिने अजिबात चालत नाहीत, वरून चिकटपट्टी लावूनसुद्धा नाही. श्रावणात आजीच्या हट्टाने नाक टोचून आलेली पोरगी दरवर्षी एक तरी असतेच. जखम ओली असताना चमकी काढली तर छिद्र बुजतं, नाही काढली तर मॅच बुडते. पालकसभेत पहिलं वाक्य हेच बोला: स्पर्धा संपेपर्यंत नाक-कान टोचायचे नाहीत.

त्याच सभेत गौरी-गणपतीचाही विषय काढा. स्पर्धेच्या तारखा पावसाळ्याच्या शेवटाकडे आल्या की सणाशी गाठ पडते. "गौरी जेवायला आणि पोरगी दिल्लीत?" असं म्हणणाऱ्या आईशी वाद घालू नका. तिला सांगा की बरोबर बाई शिक्षिका आहे, मुलींची खोली वेगळी आहे, रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन येईल. आणि तो फोन खरंच करा.

सरावाचं आमच्याकडचं दुखणं म्हणजे पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये गांधी मैदानाचं तळं होतं, बाकीच्या मैदानांवर चिखल. चिखलात बॉल अडतो, त्यामुळे डॉजिंग करणारी पोरगी भारी वाटते. तिकडे कोरड्या मैदानावर बॉल सरसर पळतो आणि झारखंड-मणिपूरच्या पोरी तो एका टचमध्ये पुढे काढतात. आपली पोरगी दुसरा टच घेईपर्यंत दोघी अंगावर आलेल्या असतात. म्हणून पावसात मैदानाचा हट्ट सोडा. शाळेचा हॉल, शेड, बास्केटबॉलचं कोर्ट, मिळेल तिथे चारास चार खेळवा, दोन टचच्या वर बॉल ठेवला की फाऊल. पहिले काही दिवस पोरी वैतागतात. पेठेतले काका लोक कठड्यावर बसून "अगं, घेऊन जा की एकटी!" असं ओरडतात, त्यांना दुरूनच नमस्कार करा.

एक सराव भर दुपारी ठेवा. आपल्या पोरींना सकाळी सहाच्या गार हवेची सवय असते. दिल्लीत सप्टेंबरला उकाडा आणि दमटपणा दोन्ही असतात, आणि तुमची मॅच कुठल्या वेळेला लागेल हे तुमच्या हातात नसतं. पाणी कधी प्यायचं, किती प्यायचं हे तेव्हाच शिकवा. तहान लागल्यावर बाटली रिकामी करणारी पोरगी दुसऱ्या हाफला पोट धरून बसते.

जायचं कसं? काही वयोगटांच्या मॅचेस आता बेंगळुरूलाही होतात, तेव्हा पत्र नीट वाचून मगच तिकिटं काढा. दिल्लीसाठी मिरजेहून गोवा एक्सप्रेस सोयीची. दोन रात्री गाडीतच जातात, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी पोचायचा बेत करू नका. निदान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. सगळ्या जागा एकाच डब्यात मिळतील असं बघा. नाही मिळाल्या तर रात्री दारापाशी कोण झोपणार हे आधीच ठरवा. ते तुम्हीच. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, केळी. एखादी आई प्रेमाने सुकं मटण देते. ते मिरज सुटायच्या आत संपवायचं किंवा आईकडेच परत द्यायचं.

पोचल्यावर मॅनेजर्स मीटिंगला फाईल घेऊन स्वतः जा. मैदान गवताचं आहे की टर्फचं, बदली खेळाडू किती, बरोबरीत सुटली तर काय, हे तिथेच विचारून घ्या आणि त्याच रात्री पोरींना सांगा. बहुतेक वेळा साखळीच्या गटातली पहिली टीमच पुढे जाते, म्हणून पहिल्या मॅचला "जरा अंदाज घेऊ" म्हणायची सोय नाही. आपल्या टीमचं नुकसान बहुधा पहिल्या दहा मिनिटांत होतं. मोठं स्टेडियम, समोर अनोळखी जर्सी, पोरी नुसत्या बघत राहतात. मी पहिली दहा मिनिटं एकच काम देते: बॉल मिळाला की बाहेरच्या बाजूने पुढे, मधून कुणी न्यायचा नाही. आणि कॉर्नरला प्रत्येकीने आपली पोरगी धरायची, बॉलकडे बघत बसायचं नाही.

फोन रात्री नऊनंतर माझ्या पिशवीत. एकदा आमच्या डाव्या बॅकने मॅचच्या आदल्या रात्री विचारलं, "मॅडम, मी फक्त पप्पांशी बोलतो, दोन मिनिटं." दिला फोन. पप्पांनी दोन मिनिटांत अख्ख्या टीमची फॉर्मेशन बदलून दिली. तेव्हापासून घरच्यांशी बोलायची वेळ संध्याकाळची, जेवणाआधी.

हरलात तर लगेच परतीच्या तयारीला लागू नका. पोरींना स्टँडमध्ये बसवा आणि पुढच्या मॅचेस दाखवा. हरियाणातलं अलखपुरा हे भिवानी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या सरकारी शाळेच्या मुलींनी हा कप जिंकलेला आहे, हे सांगितलं की पोरी सरळ बसतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून दिल्लीतच खेळला, हे त्यांना पाठच असतं. पण त्यांच्याच वयाची मुलगी थ्रो-इन घ्यायच्या आधी मान वळवून कुठे कुठे बघते, हे त्या तिथे पहिल्यांदा बघतात. प्रत्येकीला एकेक खेळाडू वाटून द्या, आपल्याच पोझिशनची, आणि संध्याकाळी तिच्याबद्दल विचारा.

निघण्याआधी सहभागाची प्रमाणपत्रं हातात घ्या आणि तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, स्पर्धेचा गट तपासा. चूक असेल तर तिथल्या टेबलावर दुरुस्ती मिळते, कोल्हापुरातून पत्रव्यवहार करत बसलात तर वर्ष जातं. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी हेच प्रमाणपत्र लागतं, आणि पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठीही खेळाची प्रमाणपत्रंच तपासली जातात. प्रत्येकीच्या प्रमाणपत्राची रंगीत प्रत शाळेत ठेवा. क्रीडा गुणांचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा कार्यालयात मुदतीत गेला का, ते ऑफिसवर सोडू नका, स्वतः जाऊन पोच घ्या. दहावीतल्या पोरींचे प्रस्ताव आधी.