बायबलमधला दिवस इंदूरच्या घड्याळावर कसा मांडावा

शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शनिवार), वल्हांडण (मिसरातून झालेल्या सुटकेचा सण) किंवा प्रायश्चित्ताचा दिवस कॅलेंडरवर मांडायचा असेल, तर त्याची खूण नेहमी आदल्या संध्याकाळपासून करावी, कारण बायबलमधला सणाचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि पुढच्या सूर्यास्ताला संपतो. इंदूरच्या मराठी घरात पंचांगाचा वार सूर्योदयाला आणि मोबाइलवरची तारीख मध्यरात्री बदलत असते. त्यात ही तिसरी मोजणी मिसळली की घोटाळा होतो. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पण तो शनिवार शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागलेला असे.

या नियमाचा आधार म्हणून बहुतेक जण उत्पत्ती १:५ काढून दाखवतात, कारण तेथे संध्याकाळचा उल्लेख आधी आणि सकाळचा नंतर येतो. माझ्या मते एकट्या या वचनावर भिस्त ठेवू नये. दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळ झाली आणि रात्र सरून सकाळ उजाडली, असाही त्याचा अर्थ लागतो आणि काही अभ्यासक तो तसा लावतात. भक्कम आधार लेवीय २३:३२ मध्ये आहे: प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेचा असूनही उपास नवव्या तारखेच्या संध्याकाळी धरून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाळायचा, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. निर्गम १२:१८ मध्ये बेखमीर भाकरीचे दिवसही चौदाव्या तारखेच्या संध्याकाळपासून एकविसाव्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत मोजले आहेत. व्यवहारात हे कसे चाले, ते नहेम्या १३:१९ मध्ये दिसते, कारण शब्बाथ लागण्यापूर्वी अंधार पडू लागताच नहेम्याने यरुशलेमेच्या वेशी बंद करायला लावल्या. शब्बाथ संपण्याची वेळ मार्क १:३२ वरून कळते, जिथे कफर्णहूमचे लोक सूर्य मावळेपर्यंत थांबतात आणि मगच आजाऱ्यांना येशूकडे आणतात.

वधस्तंभाची कथा याच मोजणीने वाचावी. येशूला कबरेत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाची घाई सूर्यास्तामुळे होती, कारण त्यानंतर शब्बाथ लागणार होता. शुक्रवारचा उरलेला भाग, पूर्ण शनिवार आणि शनिवारच्या सूर्यास्ताला सुरू झालेला रविवार असे मोजले, आणि दिवसाचा अंशही दिवस म्हणून धरण्याची तेव्हाची रीत लक्षात घेतली, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा तिसरा दिवस बरोबर येतो.

मात्र हा नियम प्रत्येक ओळीला लावत सुटू नये. १ शमुवेल १९:११ मध्ये मीखल आपला नवरा दाविदाला बजावते की आज रात्री जीव वाचवला नाहीस तर उद्या मारला जाशील. म्हणजे तिच्या बोलण्यात रात्र सरत्या दिवसाची आहे. लेवीय ७:१५ मध्ये यज्ञबलीचे मांस त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत ठेवू नये, असे म्हटले आहे, आणि तेथेही दिवस सकाळपर्यंत पोहोचतो. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात एक वाजता जिलबी खाणारा इंदूरकरही तारीख बदलली म्हणून त्या रात्रीला कालची रात्र म्हणत नाही. म्हणून सण, उपास आणि शुद्धी यांचे नियम वाचताना सूर्यास्त धरावा, आणि कथा वाचताना बोलणारा माणूस कोणत्या अर्थाने बोलतो आहे ते आधी पाहावे. प्रेषितांची कृत्ये २०:७ मधली त्रोवस शहरातली आठवड्याच्या पहिल्या दिवसाची सभा शनिवारी रात्रीची की रविवारी रात्रीची, यावर दोन्ही मते आहेत, आणि तेथे एकच उत्तर लादू नये.

इंदूरमध्ये सूर्यास्त जूनच्या अखेरीस सव्वासातच्या सुमारास आणि डिसेंबरच्या अखेरीस पावणेसहाच्या सुमारास होतो, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सहा ही वेळ वर्षभरासाठी ठरवून टाकणे चुकीचे ठरते. वेळ इंदूरचीच घ्यावी, कारण डिसेंबरात मुंबईचा सूर्य इंदूरपेक्षा सुमारे २० मिनिटे उशिरा मावळतो. ज्यू परंपरेत शब्बाथ सूर्यास्तापूर्वी दिवे लावून सुरू करतात आणि आकाशात तीन तारे दिसल्यावर संपवतात; इंदुरात त्यासाठी सूर्यास्तानंतर अर्धा ते पाऊण तास धरावा.

शुभवर्तमानांतला तिसरा, सहावा आणि नववा तास काढताना मोजणी सूर्योदयापासून करावी लागते, कारण योहान ११:९ मध्ये म्हटल्याप्रमाणे उजेडाच्या वेळेचे बारा तास होतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा समान भाग करावेत. इंदूरला असा एक तास जूनच्या अखेरीस सुमारे ६८ मिनिटांचा आणि डिसेंबरच्या अखेरीस ५४ मिनिटांचा भरतो, म्हणून तिसरा तास जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर लगेच संपतो आणि डिसेंबरात पावणेदहाच्या सुमारास. सहावा तास संपताना खरी माध्यान्ह होते. ती येथे घड्याळाच्या बारा वाजता येत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला असल्याने येथे माध्यान्हीला सरासरी साडेबाराला तीन-चार मिनिटे कमी असतात.

रात्रीचे भाग मात्र ग्रंथानुसार बदलतात. शास्ते ७:१९ मध्ये इस्राएलांचा सेनानी गिदोन मधल्या प्रहराच्या आरंभी शत्रूच्या छावणीजवळ पोहोचतो, आणि तेथे रात्रीचे तीन भाग धरलेले आहेत. मार्क १३:३५ मध्ये रोमी पद्धतीने संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट असे चार भाग येतात. मत्तय १४:२५ मधला चौथा प्रहर इंदूरच्या डिसेंबरातल्या रात्रीवर मांडला, तर तो पहाटे पावणेचारच्या सुमारास सुरू होतो आणि सात वाजता सूर्योदयाला संपतो.