सुईवरचं काळं कडं: पिकोसेकंद लेझरवर नव्याने येणाऱ्यांसाठी

पिकोसेकंद लेझरवर पहिल्या आठवड्यात मी पाडलेली कडी भलतीच देखणी होती. १८ गेजच्या सुया, दर सेंटीमीटरला एक काळंभोर कडं. सुई किती आत गेली हे डॉक्टर त्यावरूनच मोजतात. मी ती दिव्याखाली धरून सगळ्यांना दाखवत हिंडलो. मग लॉट पॅसिव्हेशनला, म्हणजे पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड ॲसिडने धुऊन काढायला, गेला. सायट्रिक ॲसिडमधून बाहेर आला तेव्हा बरीच कडी राखाडी पडली होती, आणि कॉपर सल्फेटच्या चाचणीत कड्यांच्या काठाला तांब्याचे लालसर ठिपके उमटले. तांबं बसलं म्हणजे तिथे मोकळं लोखंड आहे. अख्खा लॉट रिजेक्ट.

चूक माझ्या जुन्या सवयीची होती. मी आधी नॅनोसेकंदवाल्या फायबर लेझरवर काम करायचो; त्याची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक ठोका, पिकोसेकंदापेक्षा कितीतरी लांब. तिथे काळं कमी पडलं की स्पीड कमी करायचा, की पत्रा तापून ऑक्साइडचा थर चढतो. पण स्टेनलेस गंजत नाही ते पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या क्रोमियम ऑक्साइडमुळे. ३०४ या स्टेनलेसच्या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम असतं; तापवलं की त्यातलं बरंचसं वरच्या थरात ओढलं जातं आणि खालचा धातू उघडा पडल्यासारखा होतो. वरचा थर ॲसिड खातं, खालचा गंजतो.

पिकोसेकंदाचा काळा रंग निराळा. पल्स इतकी आखूड, की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आतच ती संपते. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खाचा-उंचवटे तयार होतात आणि प्रकाश त्यांत अडकून राहतो. पण सेकंदाला लाखो पल्स एकाच जागी पडू दिल्या, तर उष्णता साचतेच. महागडं मशीन घेऊन मी नॅनोसेकंदाचंच काम करत होतो! उपाय उलटा निघाला: पल्सची ऊर्जा कमी, स्पीड जास्त, आणि एकाऐवजी अनेक पास, म्हणजे त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या. वेळ वाढला, प्रॉडक्शनवाले कुरकुरले, पण कडी टिकली.

सुई गोल असते, हे सांगायची गरज नाही असं वाटेल. आहे. १.२७ मिमी व्यासाच्या सुईवर मध्यापासून ०.४ मिमी बाजूला गेलात की पृष्ठभाग ०.१४ मिमी खाली गेलेला असतो, म्हणजे कडेला फोकस सुटतो आणि रेघ फिकी पडते. म्हणून सुई फिरवत अरुंद पट्टीतच मारायचं. त्यात लांब सुईचं टोक चकबाहेर, म्हणजे सुई पकडून फिरवणाऱ्या जबड्याबाहेर, डोलतं. कडं एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला पुसट दिसलं की आधी पॉवरला हात लावू नका, सुईला टोकाकडून आधार द्या. मी दोन दिवस पॉवरशी खेळण्यात घालवलेत.

गॉगल त्या तरंगलांबीचाच हवा. इन्फ्रारेड किरण दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटायचीही बुद्धी होत नाही.

कड्यावरून नख फिरवून बघा, अडलं तर खोदकाम झालंय, ते शरीरात जाताना ओढ देणार. सुई दिव्याखाली तिरकी करून फिरवा, रंग बदलता कामा नये. आणि नवी सेटिंग लागली की पाच-सहा सुया आधी पॅसिव्हेशन आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढून आणा, मगच कोणाला दाखवा. मी हल्ली तसंच करतो.