कॅन्सलचं बटण नंतर, आधी फोन: नॉन-रिफंडेबल हॉटेल आणि प्रवास विम्यातल्या चुका

आमच्या घरी सहलीचं बुकिंग माझ्याकडे असतं, त्यामुळे बोलणीही मीच खाते. मागच्या मे महिन्यात कूर्गचं ठरलं. चार रात्री, दोन रूम. फ्री कॅन्सलेशनवाला दर 34,500 आणि नॉन-रिफंडेबल, म्हणजे रद्द केलं तर पैसे परत नाहीत असा, 31,000. साडेतीन हजार वाचतात म्हणून मी दुसरा घेतला. निघायला तीन दिवस असताना सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची वेळ ठरली, तेव्हा नवरा पायरीवर बसून म्हणाला, "ते हॉटेल कॅन्सल करून टाक गं, डोक्याला ताप नको."

ॲप उघडलं. कॅन्सलवर बोट ठेवणार तोच वरती ओळ दिसली: परतावा 0 रुपये. तो शून्य बघून मी थांबले. थांबले नसते तर 31,000 तिथेच बुडाले असते.

कॅन्सल केलं की बुकिंग मेलं. मग हॉटेलवाल्याला वाटलं तरी तो तारीख कशाची बदलणार? बुकिंग जिवंत असेपर्यंतच तारीख पुढे ढकलता येते, नाव बदलता येतं, चारच्या दोन रात्री करता येतात. हे सगळं हॉटेलच्या मर्जीवर असतं, तुमचा हक्क नाही. त्यामुळे बोलताना आवाज हक्काचा नको.

फोन कधी आणि कुणाला, यानेही फरक पडतो. सकाळी अकराला रिसेप्शनवर चेकआउटची गर्दी, दुपारी दोनला चेकइनची. मी साडेचारला केला आणि रिझर्व्हेशन बघणाऱ्या मॅनेजरला मागितलं. परतावा मागितलाच नाही. म्हटलं, आईंचं ऑपरेशन आहे, आम्ही येणार आहोतच, फक्त आत्ता नाही. तो लगेच म्हणाला की पावसाळ्यात रूम रिकाम्याच असतात, जूननंतर कधीही या. पण पैसे ॲपकडे भरलेले, त्यामुळे बदल ॲपमधूनच करावा लागणार होता. मग मी ॲपच्या कस्टमर केअरला फोन लावला आणि सांगितलं की हॉटेल तयार आहे, तुम्ही त्यांना विचारा. त्यांनी विचारलं, हॉटेलने मेलवर होकार दिला आणि तासाभरात सप्टेंबरची तारीख मिळाली. सप्टेंबरचा दर कमी होता, वरचा फरक काही परत आला नाही. चालतंय. हा होकार तोंडी ठेवू नका, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ड्यूटी बदलली की दुसऱ्या माणसाला काही माहीत नसतं.

तारीख जमत नसेल तर नाव बदलून मागा. बहीण, दीर, ऑफिसातलं कुणी, ज्याला जायला जमेल तो जाईल आणि तुम्हाला निम्मे तरी देईल.

आणि काहीच जमलं नाही तर मात्र गप्प बसून राहू नका. "पैसे गेलेच आहेत, कशाला कळवायचं?" ही दुसरी मोठी चूक. न कळवता गैरहजर राहिलात की नो-शो लागतो आणि पुढे विम्याचा क्लेम करताना रद्द केल्याचा कागदच हातात नसतो. चेकइनच्या आधी रद्द करा आणि "एवढे भरले, परतावा शून्य" असं लिहिलेला मेल जपून ठेवा. विमा कंपनी बुडालेलेच पैसे देते. ते बुडाले हे दाखवणारा कागद हाच. नो-शोची आणखी एक गंमत: विमान लेट होऊन पहिल्या रात्री पोचला नाहीत आणि कळवलंही नाहीत, तर बरीच हॉटेलं पुढच्या रात्रीही सोडून देतात. उशीर होतोय एवढा एक मेसेज पुरतो.

विमा आहे म्हणजे नक्की काय आहे?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. रेल्वेचं तिकीट काढताना एक रुपयाहून कमी पैशांत टिक करतो तो विमा अपघातातला मृत्यू, अपंगत्व, हॉस्पिटलचा खर्च यासाठी आहे. सहल रद्द झाली तर त्यातून दमडी मिळत नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचा विमा लागतो, तोही आजारपण, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा. वरच्या मजल्यावरचे काका व्हिसाच्या फाइलला लागतं म्हणून स्वस्तातली पॉलिसी घेऊन बसले होते. व्हिसा हातात आला तोवर विमान उडून गेलं होतं, आणि हॉटेल नॉन-रिफंडेबल. "पॉलिसी आहे की!" म्हणून आम्हाला दाखवायला घेऊन आले. त्यात सहल रद्द होण्याचं कलमच नव्हतं. असतं तरी व्हिसा नाकारणं किंवा उशिरा येणं हे कारण बहुतेक पॉलिसी वेगळं घेतल्याशिवाय धरत नाहीत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस आणि कधी 45 दिवसही लागतात. व्हिसा येईपर्यंत हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच घ्यावं. त्याचं कन्फर्मेशन फाइलला चालतं.

बुकिंग करताना ॲप जे "झीरो कॅन्सलेशन" (रद्द केलं तरी पैसे कापणार नाही अशी हमी) विकतं ती बऱ्याचदा ॲपचीच सोय असते, विमा नव्हे. त्याच्या अटी वेगळ्या आणि मुदतही वेगळी. पैसे कोण देणार, ॲप की विमा कंपनी, एवढं आधी बघा.

खऱ्या प्रवास विम्यातही सहल रद्द होण्याची कारणं मोजून दिलेली असतात: तुमचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण वा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती वगैरे. साहेबांनी रजा नाकारली, मुलीची परीक्षा पुढे गेली, मन बदललं, ही कारणं त्यात सहसा नसतात.

आता "जवळचे नातेवाईक" हे शब्द. कूर्गच्या सहलीसाठी घेतलेल्या आमच्या पॉलिसीत पती-पत्नी, मुलं आणि आई-वडील एवढेच होते. पडल्या त्या नवऱ्याची आई, त्यामुळे त्याच्या विमान तिकिटाचा क्लेम सरळ पुढे गेला. माझ्या तिकिटावर प्रश्न आला: या तुमच्या कोण? सासूबाई! ज्यांचं डबा, पथ्य, औषधं सगळं मी बघते, त्या विम्याच्या भाषेत माझ्या कुणी नाहीत. शेवटी सोबतच्या प्रवाशाची सहल रद्द झाली तर चालतं, असं दुसरं कलम सापडलं आणि त्यावर निभावलं. तुम्ही पॉलिसी घेण्याआधी ही व्याख्या वाचा, बाकी पानं नाही वाचली तरी एकवेळ चालेल. हो, आणि आधीपासूनचे आजार. आईंना शुगर आहे. त्या पडल्या म्हणून क्लेम टिकला, शुगर वाढून ॲडमिट झाल्या असत्या तर बहुधा टिकला नसता.

पॉलिसी कधी घ्यायची? पहिले पैसे भराल त्याच दिवशी. रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री घेतली तर मधले दोन महिने उघडेच. आणि वादळाला नाव मिळालं, बातम्या सुरू झाल्या, मग घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत. मुंबईकराला पावसाचं काय सांगायचं? 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला आणि विमानतळ बंद झाला. असं असेल तर क्लेमसाठी पुरावा देणं सोपं असतं. पण हायवेवर दोन तास अडकून विमान चुकलं, तर नुसत्या ट्रॅफिकवर बहुतेक कंपन्या हात वर करतात.

काही फुटकळ, पण पैशांचं

फ्री कॅन्सलेशनची मुदत हॉटेलच्या घड्याळाने मोजतात. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे, म्हणजे तिथले रात्रीचे बारा म्हणजे आपले साडेदहा. फोनवर दोन दिवस आधीचा अलार्म लावा.

विमानाचं तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमाने सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, अगदी नो-शो झाला तरी. मागावं मात्र लागतं. परदेशी हॉटेलने पैसे परत केले तरी कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार बहुधा जातोच.

आणि मी केलेला हिशोब चुकीचाच होता. साडेतीन हजार वाचवण्यासाठी एकतीस हजार पणाला लावले, म्हणजे नऊ सहलींमागे एक बोंबलली की सगळी बचत साफ. घरात ऐंशीच्या घरातलं माणूस असताना ही पैज कुणी लावावी?

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जा. हॉटेल किंवा ॲपबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पण "नॉन-रिफंडेबल" वाचून, टिक करून पैसे भरले असतील तर तिथेही फार आशा नको. हॉटेलनेच रूम द्यायला नकार दिला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पूर्ण पैसे मागा आणि सोडू नका.