जुनी एअर रायफल: स्प्रिंगच्या आधी वायसर तपासा

नळी सांध्यात खाली मोडून (दुमडून) भरायच्या जुन्या एअर रायफलचा जोर कमी झाला की बहुतेक जण आधी स्प्रिंग बदलतात. निम्म्या वेळा दोष स्प्रिंगचा नसतोच. हवा कुठेतरी गळत असते आणि चांगली स्प्रिंग उगाच भंगारात जाते.

आधी नळीचा सांधा बघा. सांध्यावर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि जाड लाकडी ठोकळ्यावर एक छर्रा झाडा. पट्टी उडाली तर नळीच्या बुडातला वायसर, म्हणजे हवा अडवणारी चकती, दबलाय. तो बदलणे पाच मिनिटांचे काम. पट्टी हलली नाही, तर पिस्टनच्या (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या) चामडी वायसरकडे वळा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कपाटात पडून असलेले चामडे पापडासारखे कडक होते आणि हवा धरत नाही. नळी मोडून तिच्या मागच्या हवेच्या भोकात सिलिकॉन तेलाचे 2-3 थेंब सोडा आणि रायफल रात्रभर नळी वर करून उभी ठेवा, म्हणजे तेल चामड्यापर्यंत उतरते. शिलाई मशीनचे तेल इथे अजिबात नको. दाबाने हवा तापते, तेल पेटते, मोठा आवाज होऊन धूर येतो, आणि असे वारंवार झाले की वायसर आणि स्प्रिंग दोन्ही जातात.

तेवढ्याने जोर आला नाही, तरच खोला. नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही, हे दोनदा बघा. दस्त्याचे (खांद्याला लावायच्या लाकडी भागाचे) स्क्रू काढून रायफल सुताराच्या लांब क्लॅम्पमध्ये धरा. आत स्प्रिंग मोकळी नसते, दाबलेलीच असते. म्हणून क्लॅम्पने भार घेतल्यावरच मागची पिन सुंब्याने (पिन ठोकून काढायच्या लोखंडी दांडीने) काढा आणि क्लॅम्प अर्धा-अर्धा फेरा सोडा. आपले तोंड रायफलच्या मागच्या टोकासमोर कधीच आणू नका.

स्प्रिंग फरशीवर लोळवा. डुगडुगली तर वाकलेली आहे, बदला. पण त्याच मापाची घ्या. जाड स्प्रिंगने वेग फारसा वाढत नाही, झटका मात्र वाढतो आणि ट्रिगरची खाच झिजते.

नवा चामडी वायसर रात्रभर त्याच सिलिकॉन तेलात भिजवा. बसवताना सिलिंडरच्या खाचेची धार त्याची कड कापते, म्हणून खाचेवर पातळ प्लास्टिक धरून पिस्टन सरकवा. स्प्रिंग घालण्याआधी हवेचे भोक बोटाने बंद करून पिस्टन दाबा. उशीसारखा परत आला की वायसर बसला. फुसकन् खाली गेला तर पुन्हा काढा. स्प्रिंगवर मॉलिब्डेनम ग्रीसचा पातळ थर पुरे, पिस्टनच्या पुढे ग्रीस नको.

छर्र्याशिवाय कधी झाडू नका, कारण हवेची गादी नसल्याने पिस्टन सरळ लोखंडावर आपटतो. स्प्रिंग चढवून रायफल रात्रभर ठेवू नका. आणि कुलरच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. त्या दमट हवेत दोन-चार दिवसांत नळीवर गंज येतो. जुळवून झाल्यावर 20 छर्रे झाडून दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा, पहिल्या झटक्यांत ते ढिले होतातच.