गणपतीला गावी जाताना स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल सोबत असेल तर
निघण्याआधी काकूला फोन करून एकच मागा: मागच्या बाजूची एखादी शांत खोली. आरतीला झांजा सुरू झाल्या आणि मुलानं कान दाबून धरले की समजावत बसू नका, सरळ तिकडे न्या. गावच्या घराचे, आजीआजोबांचे, अगदी संडासाचेही फोटो आठवडाभर रोज दाखवा. (रडारड बहुतेकदा तिथूनच सुरू होते!) त्याची रोजची ताटली आणि उशी सोबत घ्या, अभ्रा मात्र धुऊ नका, घरचा वास राहू दे. "पाया पड, पापी दे" असा आग्रह नको, हेही काकूला फोनवरच सांगून टाका. बौद्धिक अक्षमतेसाठीचं रेल्वेचं सवलत प्रमाणपत्र असेल तर स्लीपरला मुलाबरोबर एका सोबत्यालाही ७५ टक्के सवलत मिळते.