हार्मोन सुधारायला निघालात? या चुका टाळा

आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बायकांपैकी अनेकींकडे बंद केलेल्या पदार्थांची यादी तयार असते. गहू बंद, दूध बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद. का, तर हार्मोन बिघडलेत. दिवसभरात एकूण पोटात किती जातं, हे विचारलं की मात्र गप्प बसतात. माझा पहिला प्रश्न तोच असतो.

पोटभर न खाणं

ही चूक पाहून जीव तुटतो, कारण ती करणारी बाई आपण फार शहाणपणाने वागतोय अशा समजुतीत असते. पाळीची सुरुवात मेंदूत होते. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग ठरावीक ठेक्याने पिट्यूटरी ग्रंथीला इशारे देतो, पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन सोडते आणि त्यांच्या हुकमावर अंडाशय चालतं. अन्न कमी पडू लागलं की शरीर हा ठेका संथ करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित पाळी असलेल्या तरुणींना कमी ऊर्जेवर ठेवलं होतं. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा उरली, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत एलएचचा ठेका विस्कटला. नुसते पाच दिवस!

तिशीच्या आसपासची एक धावपटू माझ्याकडे आली, तेव्हा तिची पाळी सात महिने आली नव्हती. सोनोग्राफीत अंडाशयात बऱ्याच छोट्या गाठी दिसल्या, त्यावरून तिला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असल्याचं सांगितलं गेलं आणि धान्य कमी करायला लावलं. तिने ते इमानेइतबारे केलं. सकाळी उपाशीपोटी दहा किलोमीटर, मग काळी कॉफी, थेट दुपारी सॅलड. वजन उतरत होतं, लोक कौतुक करत होते. मग नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारा हार्मोन, फार काळ कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत एलएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही तळाला निघाले. अशा उपासमारीतही सोनोग्राफी पीसीओएससारखी दिसू शकते, म्हणून नुसत्या चित्रावर निदान ठरवू नये.

उपाय साधा होता, तिला पटायला मात्र सहा आठवडे गेले. धावण्याआधी काहीतरी खायचं, परतल्यावर तासाभरात नीट नाश्ता, प्रत्येक जेवणात धान्य परत आणायचं आणि आठवड्यातले दोन दिवस बूट कपाटात. पाचव्या महिन्यात पाळी आली, तेव्हा फोनवर ती रडत होती. पाळी बंद झाली, बरं झालं, कटकट गेली, असं म्हणणाऱ्या मुलींना मी हीच गोष्ट सांगते.

थायरॉईडची गोळी नाश्त्याबरोबर घेणं

डोस वाढत जातो, थकवा तसाच, केस गळायचे थांबत नाहीत. खोदून विचारलं की कळतं, गोळी कॉफीबरोबर गिळली जाते आणि पाठोपाठ लोहाची नाहीतर कॅल्शियमची गोळी. अशाने औषध नीट शोषलंच जात नाही. थायरॉक्सिन, म्हणजे ही थायरॉईडची गोळी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यावं. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. माझी सवय सांगते: गोळीची डबी टूथब्रशशेजारी आणि कॅल्शियम जेवणाच्या टेबलावर. दोन्ही एका डब्यात ठेवल्या की एकत्र घेतल्या जातातच. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

पीसीओएसमध्ये फक्त साखरेला धरून बसणं

पीसीओएसमध्ये अनेकींचं इन्शुलिन वाढलेलं असतं. ते अंडाशयाला जास्त अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं आणि अँड्रोजेनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन घटवतं. त्यामुळे साखर कमी करणं बरोबरच आहे. पण साखर सोडून दिवसभर बिस्किटं आणि फळांचा रस सुरू ठेवला तर काय उपयोग? प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, सालासकट भाज्या-फळं हवीत. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी सुधारते. पीसीओएसवर अमुक एकच आहार सर्वांत चांगला, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा म्हणत नाहीत. महागडे चार्ट विकत घेऊ नका.

बारीकसारीक, पण रोजच्या

जेवणाला लागूनच चहा-कॉफी पिऊ नका, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तासभर थांबा.

तेल-तूप पूर्ण बंद करू नका.

सोयाबीनला घाबरून ते टाकू नका, फक्त थायरॉईडच्या गोळीपासून लांब ठेवा.

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात या बिया, दुसऱ्यात त्या, असा खेळ चालतो. बिया पौष्टिक आहेत, जरूर खा. पण त्या तारखा पाहून हार्मोन जुळवतात याला भक्कम पुरावा नाही.

आठ दिवसांत निकाल मागणं

याची मला खरोखर चीड येते. अंडाशयातली बीजपिशवी वाढून तयार व्हायला काही महिने लागतात, आणि लोक पुढच्या सोमवारी फरक विचारतात. तीन महिने एकच पद्धत धरा. मी एका वहीत चारच गोष्टी लिहायला लावते: पाळीची तारीख, झोपेचे तास, सकाळी काय खाल्लं, दिवसभर तरतरी कशी होती. दर आठवड्याला नवा आहार धरणाऱ्या बाईची वही वाचून काहीच कळत नाही, मलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

पाळी सलग तीन महिने आली नाही, रक्तस्राव एकाएकी खूप वाढला किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसला, तर वही भरत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.