माशी मारायची तर नेम थोडा पुढे धरा

आमरसाच्या वाटीशेजारी माशी बसते. आपण नेम धरून फटका मारतो, वाटी हलते आणि माशी पंख्यावर जाऊन बसते. चूक बहुतेक वेळा नेमाची असते.

माणसाच्या डोळ्याला सेकंदात प्रकाशाच्या साठेक लुकलुकी वेगळ्या ओळखू येतात, घरमाशीला सुमारे २५०. त्यामुळे आपला झपाटा तिला बराच आधी आणि संथ येताना दिसतो. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ मायकेल डिकिन्सन यांनी २००८ साली फळमाश्यांचं अतिवेगवान चित्रण केलं, त्यात मजा कळली. धोका दिसल्यावर जेमतेम १०० मिलिसेकंदांत माशी मधले पाय सरकवून, अंग कलतं करून उडीची तयारी करते. फटका समोरून येत असेल तर मागे, मागून येत असेल तर पुढे, बाजूने आला तर विरुद्ध बाजूला.

म्हणून माशीवर मारूच नका. मागून हात नेत असाल तर तिच्या तोंडापुढची जागा धरा, ती उडी मारून जिथे पोहोचेल ती. फटका जाळीदार प्लास्टिकच्या पट्टीने मारा. वर्तमानपत्राची गुंडाळी हवा पुढे ढकलते.

झुरळाला तर सावध व्हायला ही हवाच पुरते. त्याच्या शेपटीकडच्या दोन काट्यांवरचे बारीक केस वाऱ्याची झुळूक टिपतात आणि चप्पल खाली येण्याआधी ते वळून पळालेलं असतं. तिथे उंचावरून चप्पल फेकण्यापेक्षा ते ज्या फटीकडे धावेल ती आधी अडवा.